सव्वीस जानेवारीचं भाषण

नीलम खिल्लारे मोठ्या माणसांना बोलायला शिकवायची. परभणीत वसमत रोडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं लहानसं ऑफिस होतं आणि पाटीवर 'संवाद प्रशिक्षण' एवढेच दोन शब्द. पाटी वाचून सुरुवातीला लोक पोरांना इंग्रजी शिकवायला घेऊन यायचे. तिनं नाही म्हटलं की विचारायचे, "मग शिकवता काय? बोलायला? ते काय शिकायचं असतंय?" हळूहळू पतसंस्थेचे चेअरमन यायला लागले, बियाण्यांच्या कंपनीचे मालक आले, स्वतःचं हॉस्पिटल काढलेले डॉक्टर आले. सगळी दिवसभर बोलणारी माणसं. पण समोर हाताखालचे लोक बसलेत आणि त्यांना नको असलेली गोष्ट सांगायचीय, अशी वेळ आली की यांचं बोलणं बिघडायचं. कुणी ओरडायचं, कुणी आडवळणानं अर्धा तास घालवायचं, कुणी मॅनेजरला पुढं करून गाडीत जाऊन बसायचं. अशांना नीलम शिकवायची.

ती मूळची पूर्ण्याची. वडील सिद्धोधन रेल्वेत होते. जयंतीच्या भाषणाची तयारी ते तिच्याकडून फलाटाच्या पार टोकाला करून घ्यायचे. मालगाडी धडधडत आली की तिचा आवाज चढायचा. मग ते म्हणायचे, "गाडीशी भांडू नको. ती जाऊ दे, मंग बोल." पुढं ती पुण्यात एका कंपनीत प्रशिक्षक झाली, बरीच वर्षं तिथं राहिली, आणि वडील गेल्यावर आई कुसुमबाईंना एकटं ठेवायला नको म्हणून परभणीला परत आली.

जानेवारीच्या सुरुवातीला हरिओम तिच्याकडे आला. सेलूच्या दिनकररावांचा एकुलता मुलगा. सेलूत दिनकररावांचं जिनिंग जुनं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत लागायची. हरिओम पुण्यात शिकलेला, आता सगळे व्यवहार तोच बघायचा.

"वडिलांना सव्वीस जानेवारीला बोलायचंय," तो म्हणाला. "दरवर्षी झेंडावंदन होतं आमच्या अंगणात, सगळे कामगार असतात. यंदा थोडी अवघड अनाउन्समेंट आहे. हंगाम संपला की जिनिंग बंद ठेवायचंय."

"कशासाठी?"

"मशिनरीचं मोठं काम आहे. पण बाबांना ते सांगायला जमत नाहीये. महिना झाला, रोज ठरवून जातात आणि तसेच परत येतात. एरवी तुम्ही त्यांना ऐका, वजनकाट्यावर उभे राहिले की आख्खं गाव ऐकतं. हे एवढं एक मात्र होत नाही."

नीलमला त्यात काही वावगं वाटलं नाही. अशी माणसं तिनं खूप पाहिली होती. पुढच्याच आठवड्यात ती पॅसेंजरनं सेलूला गेली.

दिनकरराव सत्तरीकडे झुकलेले, उंच, खांद्यातून थोडे वाकलेले. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीपलीकडं सरकी काढणारे रेचे चालू असायचे, त्यानं टेबलावरचा पाण्याचा पेला सतत थरथरत राहायचा. खिडकीतून अंगण दिसायचं, कापसाचे पांढरे ढीग आणि त्यावर वाकलेल्या बायका.

"पूर्ण्याच्या खिल्लारे म्हणजे कोणत्या?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नात दुसरा प्रश्न असतो हे नीलमला लहानपणापासून ठाऊक होतं. "रेल्वेतले. बुद्धविहाराच्या मागं घर आमचं."

दिनकरराव क्षणभर थांबले. मग त्यांनी हाक मारून चहा मागवला, स्वतःचा कप तिच्याकडं सरकवला आणि म्हणाले, "बरं मॅडम. शिकवा मला. म्हाताऱ्या माणसाला शिकवायला लागायलाय, तुमची बी परीक्षाच हाय."

तिनं त्यांना वाक्य म्हणायला सांगितलं. ते उभे राहिले, सदरा खाली ओढला आणि बोलले, "मंडळी, यंदा मशिनरीचं मोठं काम काढायचंय. म्हणून हंगाम संपला की जिनिंग काही... काही दिवस बंद राहील. पुढचं दसऱ्याला बघू."

"काही दिवस" या दोन शब्दांपाशी आवाज खाली जायचा. नीलमला वाटलं, श्वास पुरत नाही. तिनं त्यांना आधी श्वास घ्यायला लावला, वाक्य तोडायला लावलं. पाय घट्ट रोवून उभं राहा म्हणाली. झेंड्याकडं बघून बोलू नका, एका माणसाकडं बघा. अवघड गोष्ट आधी सांगा, आभाराची भाषा नंतर. आपण सगळे एक कुटुंब आहोत असलं काही म्हणू नका, लोकांना ते लगेच कळतं. आणि सांगून झालं की गप्प राहा.

"गप ऱ्हायचं?" दिनकररावांना हे नवीन होतं.

"हो. ऐकणाऱ्याला ते पोचायला वेळ लागतो. आपल्याला भीती वाटते म्हणून आपण बोलत सुटतो. त्या बोलण्यानं त्यांचं काही भलं होत नाही."

"अवघड हाय," ते म्हणाले. पण त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्या खेपेला ती गेली तेव्हा त्यांनी बरीच तयारी केली होती. तरी "काही दिवस" आलं की घसरलेच.

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून नीलम अंगणात हिंडली. कापसातला कचरा निवडणाऱ्या बायकांत बायनाबाई म्हणून एक वयस्क बाई होती. तोंडाला फडकं, भुवयांवर कापसाची लव. कुणी तिच्या शब्दाबाहेर नव्हती. तिनं नीलमला पोत्यावर बसवलं.

"मालकाच्या पाहुण्या का तुमी?"

"नाही मावशी, कामासाठी आलेय. तुम्ही किती दिवसांपासून इथं?"

"नवरा असल्यापून. त्यो गाठी बांधायच्या प्रेसवर व्हता. आता माझा राम येणार हाय तितंच." बायनाबाईनं फडकं खाली केलं, तिला हे सांगायचंच होतं. "चाकणला असतोय कंपनीत. कायम झालाय आता. पर सुनंला, अर्पिताला, दिवस गेलेत. तितं एका खोलीत दोघं, बघायला कुणी न्हाई. मला बी गुडघ्यानं जमंना झालंय. दिवाळीत काटापूजनाला मालकाला म्हणलं, रामला घेता का प्रेसवर? लगेच म्हणले, आण की, घेतो. आता पाडव्याच्या आत बोलावणार हाय मी त्याला."

नीलमनं ऐकून घेतलं. मशिनरीचं काम होईल, दसऱ्याला जिनिंग सुरू होईल, राम तेव्हा येईल. तिनं मनात असाच अर्थ लावून घेतला. तरी गाडीत बसल्यावर तिला राहून राहून दिनकररावांचं अडखळणं आठवत होतं.

तिसऱ्या खेपेला दिनकररावांनी वाक्य बिनचूक म्हटलं. आवाज खणखणीत, नजर स्थिर, "काही दिवस" सुद्धा कुठं न डगमगता. नीलमनं ते फोनवर घेतलं होतं. कुणालाही खरं वाटावं असं झालं होतं.

"जमलं ना आता?" त्यांनी विचारलं.

"जमलं."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. स्वतःचा आवाज ऐकला आणि खुर्चीत बसले.

"ताई," ते म्हणाले. मॅडमची ताई त्या दिवशी झाली. "हे खोटं हाय. मशिनरीचं काम-बिम काही न्हाई. मी जिनिंग विकलंय. गोदामं व्हणार हायत तितं. कापूस कमी झाला, समदे सोयाबीनवर गेले, दरसाल ओढाताण. हरिओम म्हणला, आता पुरे. चुकीचं न्हाई म्हणला तो. पर घेणाऱ्यांची अट हाय, हंगाम संपस्तोवर कामगारांत बोभाटा नको. काम अर्ध्यात सोडून गेले तर पंचाईत."

फोन नीलमच्या हातातच होता. त्यात त्यांचं ते खणखणीत वाक्य होतं आणि ते तिनं घडवलं होतं.

"हे वाक्य मी तुम्हाला शिकवायला नको होतं," ती शेवटी म्हणाली.

"तुमाला कुटं ठाऊक व्हतं."

"काका, एक करू या? वाक्य तुम्ही म्हटलंत. त्यानंतर लोक प्रश्न विचारतील. त्याची तालीम आपण केलीच नाही. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या."

"इचारा."

नीलम उठून खिडकीपाशी गेली आणि वळून म्हणाली, "मालक, मी बायनाबाई. काही दिवसच बंद हाय न? मंग माझ्या रामला चाकणहून बोलवू का?"

दिनकररावांनी तोंड उघडलं. भिंतीपलीकडं रेचे चालले होते. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"बोलव म्हणलं तर?" त्यांनी नीलमलाच विचारलं.

"तर तो येईल."

"नको म्हणलं तर ती इचारंल, का नको."

"हो."

दिनकररावांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "काटापूजनाच्या दिवशी विचारलं तिनं. समोर नारळ, माणसं, हार. तोंडातून निघून गेलं, आण म्हणून. व्यवहार तवाच झालेला. न्हाई म्हणलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं." ते थांबले. "लाज वाटली ताई. दुसरं काही न्हाई. नियत वाईट नव्हती माझी, पर लाज वाटली."

नीलमनं त्यांना काय करा ते सांगितलं नाही. निघताना फक्त एवढं म्हणाली, की खरं सांगायचं ठरलं तर पहिल्या वाक्यात सांगा, आणि त्याच दमात माफी मागू नका. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते. ज्याला आत्ताच धक्का बसलाय त्याच्यावर ते आणखी ओझं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हरिओमचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला भाषण शिकवायला बोलावलं होतं. आमचे निर्णय घ्यायला नाही."

"मी निर्णय घेतला नाही. एक प्रश्न विचारला."

"तोच प्रॉब्लेम झालाय. बाबा म्हणतात, सगळं सांगणार. अंगणात शेतकऱ्यांचा कापूस पडलाय, रोज गाड्या येतायत. उद्या लोक निघून गेले, रेचे बंद पडले, तर त्या शेतकऱ्यांना मी काय सांगू? ते तुम्ही शिकवणार का?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम थकला. "मला काय आनंद होतोय का? मी त्याच अंगणात कापसावर उड्या मारत मोठा झालो. तुम्ही आता येऊ नका. प्लीज."

नीलमनं बरं म्हटलं. शेतकऱ्यांबद्दल तो म्हणाला ते खोटं नव्हतं. दोन दिवस ती स्वतःशी धुसफुसत राहिली. कुसुमबाईंनी जेवताना विचारलं, "कुणाशी भांडलीस का?" तर म्हणाली, "कुणाशीच नाही, म्हणून तर."

सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दिनकररावांचा फोन आला. "उद्या या ताई."

"हरिओमनी नको म्हटलंय, काका."

"मी म्हणतोय, या. काही शिकवू नका. नुसत्या समोर उभ्या ऱ्हा."

ती सकाळच्या पहिल्या गाडीनं गेली. अंगण झाडून पाणी मारलेलं होतं. काट्यासमोर खांब, त्याच्याभोवती रांगोळी. बाजूच्या टेबलावर बुंदीची पातेली झाकून ठेवलेली. रेचे बंद असल्यानं सगळीकडं इतकं शांत होतं, की नीलमला ही जागा ओळखीची वाटेना. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. बायनाबाईनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. नीलमला बघून तिनं हात हलवला. हरिओम भिंतीला टेकून उभा होता. त्यानं नीलमला पाहिलं आणि मान फिरवली.

झेंडा चढला. राष्ट्रगीत झालं. दिनकरराव दोन पावलं पुढं आले. त्यांनी पाय रोवले नाहीत, श्वासही नीट घेतला नाही. शिकवलेलं काहीच त्यांच्या अंगात दिसेना. उजवा हात उगाच सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत होता.

"मी जिनिंग विकलं," ते म्हणाले.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांना ऐकू गेलं पण समजलं नाही. एकजण हसलासुद्धा. दिनकररावांनी पुन्हा म्हटलं, आता मोठ्यानं, "जिनिंग विकलंय मी. हा हंगाम शेवटचा. दसऱ्याला ह्या गेटातून आपल्यातलं कुणी आत यायचं न्हाई. मी बी न्हाई."

आणि ते गप्प राहिले.

नीलमनं पुष्कळ लोकांना गप्प राहायला शिकवलं होतं. दोन-चार क्षण झाले की ते हमखास काहीतरी बोलायचे. दिनकरराव बोलले नाहीत. बायकांत कुजबुज सुरू झाली आणि तीही थांबली. वर झेंड्याच्या कापडाचा फडफडाट तेवढा येत होता.

लिंबाजी पुढं आला. प्रेसवरचा सगळ्यांत जुना माणूस, गाठी बांधून बांधून हाताची बोटं वाकडी झालेली. त्यानं टोपी काढली नाही.

"कवा विकलं मालक?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हंजे काटापूजनाला नारळ फोडला तवा?"

"तवा विकलेलं व्हतं."

लिंबाजीनं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं, जणू आपण ऐकलं ते त्यांनीही ऐकलं का हे त्याला पडताळायचं होतं. "आमी घरून फुलं आणली व्हती त्या दिवशी," तो म्हणाला. "आमाला कुणी इचारलं का न्हाई?"

"न्हाई इचारलं," दिनकरराव म्हणाले. "सांगितलं बी न्हाई. आज बी सांगणार नव्हतो. मशिनरीचं काम हाय म्हणून सांगायचं ठरलं व्हतं."

भिंतीपाशी हरिओमनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बायनाबाई बायकांच्या घोळक्यातून निघाली. गुडघा आखडला होता, चालताना ती एका बाजूला झुकायची. दिनकररावांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"मालक, मंग मला रामला आण म्हणून का म्हणलात?"

"लाजंपायी, बाई. न्हाई म्हणायला तोंड उचललं न्हाई. त्याला येऊ देऊ नका. चाकणलाच ऱ्हाऊ द्या."

बायनाबाई हळू आवाजात, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाली, "त्यानं सोडली नोकरी. परवाच राजीनामा दिला. पाडव्यापतूर कशाला थांबायचं म्हणला, आईला आधार व्हईल. खोली बी सोडली त्यानं."

नीलमनं मनात दिवस मोजले. परवा. तिनं वाक्य घडवायला तीन खेपा घातल्या होत्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं असतं, की काका, हे दोन शब्द का अडखळतात, तर राम अजून चाकणला मशीनवर उभा असता. तिनं विचारलं नव्हतं. तिनं श्वास शिकवला होता.

दिनकररावांचे ओठ हलले. नीलमला वाटलं, आता ते काहीतरी देऊ करतील, मी त्याला दुसरीकडं चिकटवतो म्हणतील, माझ्यावर सोडा म्हणतील. मालक माणसाला ते सोपं असतं. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. ते काट्याच्या कट्ट्यावर खाली बसले, सगळ्यांसमोर, आणि म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

बायनाबाई वळली आणि गेटाकडं चालायला लागली. तिच्यामागून आणखी बायका गेल्या. बुंदीची पातेली कुणी उघडली नाहीत. हळूहळू अंगण रिकामं झालं. लिंबाजी शेवटी निघाला.

हरिओम वडिलांपाशी येऊन उभा राहिला. नीलमला वाटलं, आता तो भडकेल. तो भडकला नाही. "चला घरी," म्हणाला आणि त्यांना हात दिला.

दुसऱ्या दिवसापासून निम्मे लोक आले नाहीत. काहींनी मानवतला, पाथरीला दुसरं काम धरलं. जे आले त्यांनी एका पाळीत जमेल तेवढं ओढलं. हरिओमला भीती होती तसंच झालं. गाड्या थांबून राहिल्या, शेतकरी चिडले, दोनदा गेटावर बाचाबाची झाली. पण या वेळी हरिओम ऑफिसात बसला नाही. रस्त्यावर जाऊन प्रत्येक गाडीवाल्याला स्वतः सांगायचा, आज होणार नाही, उद्याही सांगता येत नाही, दुसरीकडं न्यायचा असेल तर न्या. घेणाऱ्या लोकांनी फोनवर बरंच ऐकवलं, पण व्यवहार मोडला नाही.

राम आणि अर्पिता फेब्रुवारीत सामान घेऊन आले. ते आल्याचं कळलं तेव्हा दिनकररावांनी नीलमला फोन केला. "मी जायलोय त्यांच्या घरी. काय बोलू?"

"काही बोलायला जाऊ नका, काका. ऐकायला जा. ते काय म्हणतील ते पूर्ण होऊ द्या. मध्ये समजावू नका."

"तुमी येता का सोबत?"

नीलमला जायचं नव्हतं. तरी ती गेली.

बायनाबाईचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. अर्पिता आत बसलेली होती. रामनं दिनकररावांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग बोलायला सुरुवात केली. आधी सावकाश, शब्द शोधत. कंपनीत कसा लागला, कायम व्हायला कसा झगडला, साहेबानं राजीनामा घेताना दोनदा विचारलं होतं ते. मग त्याचा आवाज चढत गेला. "तुमचा एक शब्द व्हता मालक. आमी त्याच्यावर घर उचलून आणलं. तुमाला एक शब्द जड झाला, आमची समदी जिंदगी हिकडची तिकडं झाली." तो बोलत राहिला, मृत बापाबद्दल बोलला, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला, वाईटसाईटही बोलला. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. दिनकरराव मान खाली न घालता ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. बायनाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती, एकदा तिनं "राम, पुरे," म्हटलं, तर दिनकररावच म्हणाले, "बोलू द्या त्याला."

शेवटी राम थांबला. त्याच्याकडचं सगळं संपलं होतं. तो उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

दिनकरराव उठले. "मी ऐकलं," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन ते गाडीपाशी आले. नीलमनं दार उघडून दिलं. आत बसल्यावर ते म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत ह्या माणसांचं इतकं सलग कधी ऐकलं न्हाई मी."

मार्चमध्ये जिनिंगचा शेवटचा कापूस संपला. रामला चाकणची जुनी कंपनी परत घेईना; दुसऱ्या एका ठिकाणी कंत्राटावर काम मिळालं, पहिल्यासारखं नाही. अर्पिताला बाळंतपणासाठी बायनाबाईपाशी ठेवून तो एकटाच निघाला. योगायोगानं त्याच दिवशी नीलम हिशेब मिटवायला हरिओमकडं आली होती. हरिओम फार बोलला नाही. निघताना मात्र दारापर्यंत आला आणि म्हणाला, "गोदामवाल्यांकडं लोक लागतील. आमच्यातले किती घेतील ते माहीत नाही. लोकांना तसंच सांगितलंय, माहीत नाही म्हणून." ती बरं म्हणाली.

स्टेशनवर बाकड्यावर राम बसला होता. पायाशी बॅग, मांडीवर आईनं बांधून दिलेलं गाठोडं. त्यानं तिला ओळखलं.

"तुमीच न त्या?" तो म्हणाला. "मालकाला बोलायला शिकवायला आल्ता त्या?"

"हो."

"त्यांनी नेमकं कवा बोलावलं तुमाला?"

"जानेवारीत."

रामनं मान हलवली. रागानं नाही, हिशेब बघितल्यासारखी. "दिवाळीत बोलवायचं व्हतं," तो म्हणाला.

नीलम त्याच्या शेजारी बसली. अर्पिताची तारीख कधीची, तिनं विचारलं, आणि त्यानं मे महिना सांगितला. दवाखाना परभणीचाच ठरला होता. वसमत रोडला तिच्या ऑफिसखाली चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, काही लागलं तर आईला निरोप द्यायला सांग, असं तिनं म्हटलं आणि नंबर दिला. त्यानं तो फोनमध्ये घातला. मग त्याची गाडी लागली आणि तो बॅग उचलून डब्याकडं गेला.